शिंगे : नाहीत

खात्याकडं माणसांचा फॉर्म नव्हता. आता यात खात्याचा तरी काय दोष? खातं जनावरांचं. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्यासाठी खात्यानं आजवर इतके फॉर्म छापलेत की ते ठेवायला दवाखान्यातली औषधांची खोली रिकामी करावी लागली. औषधं तशीही नव्हती, त्यामुळं अडचण झाली नाही. पण खात्याच्याच बारा माणसांचा ताप रोज मोजून लिहायची पाळी आली, तेव्हा कुठं लक्षात आलं की माणसाचा फॉर्म छापायचा राहून गेलाय.

झालं होतं असं. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोड सोडून आत गेलं की सर्जेरावची पोल्ट्री आहे. जानेवारीत तिथं कोंबड्या मरायला लागल्या. पहिल्या दिवशी चाळीस, दुसऱ्या दिवशी तीनशे. नमुने भोपाळला गेले, तिकडून बर्ड फ्लू असल्याचं कळलं आणि उरलेल्या सहा हजार कोंबड्या मारून पुरायचा हुकूम निघाला. हुकूम काढणारे वेगळे आणि कोंबड्या धरणारे वेगळे, हे काही सांगायला नको. धरणाऱ्यांत सखाराम होता.

सखाराम म्हणजे दवाखान्यातला परिचर. झाडलोट करायची, जनावर खोड्यात घालायचं, शेपूट धरायचं, लाथ बसली तर बसून घ्यायची. कडुबा तिथलाच पट्टीबंधक. जखम धुवायची, पट्टी बांधायची, ताप बघायचा, डॉक्टरच्या हातात इंजेक्शन भरून द्यायचं, हे त्याचं काम. दोघांनी चोवीस वर्षं एकाच बाकावर डबा खाल्ला. कडुबाचं लोणचं सखारामच्या पोळीवर आणि सखारामच्या घरचा ठेचा कडुबाच्या भाकरीवर, असा कारभार. कडुबाच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, याची त्याला भारी मिजास. बायकोनं भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं तरी हा सांगायचा, "मपल्या सर्व्हिसला डाग नाय."

तर पथक तयार झालं आणि पथकाला किट आले. कोरोनातले उरलेले, सगळे एकाच मापाचे. ते माप नक्की कुणाचं घेतलं होतं ते अजून कळलेलं नाही, कारण सखारामला पायात चार घड्या घालाव्या लागल्या आणि बाकीच्यांची पाठीवरची शिवण उसवली. शेडमध्ये पिसं, धूळ आणि उकाडा. चष्म्यावर वाफ धरली की समोरची कोंबडी दिसेना, म्हणून दुपारपर्यंत चष्मा कपाळावर गेला. मास्क घामानं भिजून नाकाला चिकटला, जीव घाबरा झाला, म्हणून तो हनुवटीखाली आला. हातमोजे कोंबड्यांच्या नखांनी फाटले. त्यावर लावायला चिकटपट्टी मात्र खात्यानं अजिबात कमी पडू दिली नाही.

मोठे साहेब आले तेव्हा शेडपासून दोनशे पावलांवर आंब्याखाली उभे राहिले. पायापासून डोक्यापर्यंत किट चढवला, पथकाला मागं उभं करून फोटो काढला, किट उतरवला आणि गेले. अख्ख्या मोहिमेत ज्याचा चष्मा जागच्या जागी राहिला असा माणूस तो एकच.

मग गोळ्या. असल्या कामाला जो जाईल त्यानं दहा दिवस रोज एक कॅप्सूल घ्यायची, म्हणजे रोग अंगात आला तरी जोर धरत नाही. गोळ्या आल्या, नाही म्हणायचं कारण नाही. पण आढावा बैठकही त्याच दिवशी आली. कोंबडीला हात लावणारे बारा आणि कोंबडीवर बोलणारे चौतीस. बोलणारेही शेवटी माणसंच, त्यांनाही काळजी वाटणारच. खबरदारी म्हणून त्यांच्यात गोळ्या वाटल्या गेल्या आणि सखारामच्या वाट्याला दोन दिवसांच्या आल्या.

शिवाय दहा दिवस वेगळं राहायचं होतं. त्यासाठी गावातल्या शाळेचे दोन वर्ग मिळाले. तिसऱ्या दिवशी शाळेचं स्नेहसंमेलन निघालं, वर्ग रिकामे करून हवे होते. बाराही जणांना सांगितलं, आता आपापल्या घरी वेगळं राहा. सखारामचं घर मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं. माणसं सात. त्यात थोरली लेक विशाखा पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा महिना लागलेला. चंपाबाईनं, म्हणजे सखारामच्या बायकोनं, जुन्या लुगड्याचा पडदा बांधला आणि नवऱ्याला त्याच्यामागं बसवलं. सरकारी भाषेत यालाच विलगीकरण म्हणतात.

आता फॉर्मकडं येऊ. रोज सकाळी बाराही जणांचा ताप मोजायचा असं ठरलं. आरोग्यवाले म्हणाले, माणसं तुमच्या खात्याची, तुम्ही मोजा. खातं म्हणालं, ताप हा आरोग्याचा विषय, तुम्ही मोजा. दोघांनी हात वर केल्यावर मधे जो उभा होता त्याच्या गळ्यात काम पडलं. मधे कडुबा उभा होता.

"साहेब, माणसाचा फॉर्म नाय आपल्याकडं," कडुबानं फोनवर सांगितलं.

"फॉर्म नाही म्हणून काम थांबलं, असं मी ऐकून घेणार नाही," मोठे साहेब म्हणाले. "आहे त्यात भागवा."

कडुबानं आहे त्यात भागवलं. पशुपालकाचे नाव, या रकान्यात त्यानं 'शासन' लिहिलं. जनावराचा प्रकार : परिचर. शिंगे : नाहीत. कानातील बिल्ला : नाही. दूध देते काय : नाही. हे सगळं त्यानं एकदाही न हसता लिहिलं, कारण सरकारी कागदावर हसायची त्याला सवय नव्हती. जातीचा रकाना तेवढा सखारामनं भरू दिला नाही.

"ते राहू द्या, भाऊ," सखाराम म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्यानं छप्पन्न सालीच खोडलंय."

कडुबानं तो रकाना तसाच सोडला आणि कपाटातून थर्मामीटर काढला.

"ह्यो कुठं कुठं जाऊन आलाय?" सखारामनं विचारलं.

"नवाय. तुझ्यासमोर पुडकं फोडलं ना. काखंत धर गुमान."

पहिले तीन दिवस बारा माणसं, बारा अठ्ठ्याण्णव. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा असे, 'सामान्य' किंवा 'असामान्य'. कडुबानं बारा वेळा 'सामान्य' लिहावं, साहेबांच्या ऑफिसातून फोन यावा, यानं "शून्य" सांगावं. साहेबांना तो शून्य इतका आवडला की त्यांनी त्याचा सत्कार करायचं ठरवलं. दहा दिवस पुरे होईपर्यंत थांबायला हरकत नव्हती, पण साहेबांना पुढच्या आठवड्यात पुण्याला ट्रेनिंग होतं. रोगानं थोडं लवकर उरकून घ्यावं अशी साहजिकच अपेक्षा होती. सत्कार पाचव्या दिवशी ठरला. शाल, नारळ आणि फ्लेक्स : 'बारा योद्धे, शून्य ताप.'

आणि चौथ्या दिवशी सकाळी सखाराम आला तो जरा वाकून चालत.

त्या वेळी दवाखान्यात काय चाललं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर कडुबावर अन्याय होईल. अर्थात अन्याय झाला तरी चालेल, असं पुढं त्याचं त्यालाच वाटलं, पण ते पुढं. बाहेर खोड्यात एक बैल अडकून हंबरत होता. सखाराम विलगीकरणात, म्हणून शेपूट धरायला कुणी नाही. टेबलावर फोन वाजत होता. आणि कडुबाच्या हातात थर्मामीटर. पारा एकशे एक पॉइंट सहावर.

एकतीस वर्षं या माणसानं ताप पाहिला तो गाईचा, म्हशीचा, बैलाचा. गाय-म्हैस एकशे एक-दीड असली की ठणठणीत, शेळी त्याहून जरा वर. कोंबडीचा तर एकशे सहा, तिला कुणी विचारतच नाही. हे आकडे कडुबाला आठवावे लागत नसत, हातच लिहीत असे. त्या दिवशीही हातानंच लिहिलं. तापमान : 101.6. सामान्य.

"भाऊ, अंग लई कसकसून राह्यलं," सखाराम म्हणाला.

"थंडीय. घरी जा, काढा पी." आणि फोन उचलून, "व्हय साहेब, शून्य. समदे नॉर्मल."

सखारामला त्याच्यावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. चोवीस वर्षं ज्याच्या शब्दावर जनावरं बरी झालेली पाहिली, त्यानं नॉर्मल म्हटलं. तो घरी गेला आणि घरच्यांना तसं सांगितलं.

दुपारी लक्ष्मीबाई म्हैस घेऊन आली. म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. डॉक्टर मोनिका मॅडम दहा किलोमीटरच्या पट्ट्यात गावोगाव कोंबड्या तपासत फिरत होत्या, म्हणून कडुबानंच ताप पाहिला.

"ताप नाय, मावशी. एकशे एक पॉइंट सहा. गॅस झाला आसंल."

"मंग तसं लिवा," लक्ष्मीबाई म्हणाली. तिला कागद घरी दाखवायचा होता.

सकाळचाच फॉर्म टेबलावर होता. त्यात बारा ओळी भरलेल्या, तेरावी कोरी. कडुबानं तेराव्या ओळीत म्हैस लिहिली. शिंगे : आहेत. तापमान : 101.6. सामान्य. मग पेनाचं टोपण लावताना त्याची नजर वर गेली. बाराव्या ओळीत सखाराम होता. तोच आकडा, तोच शब्द, अक्षरही तेच.

कडुबानं म्हशीकडं पाहिलं, मग कागदाकडं. खुर्ची जवळ होती, तरी तो खाली फरशीवर बसला.

"काय झालं ओ?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"काय नाय, मावशी. म्हैस चांगलीय तुमची," कडुबा म्हणाला.

मॅडमना फोन लागला तेव्हा त्या कुठल्यातरी परसातल्या खुराड्यापाशी होत्या. त्यांनी फक्त ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि तेच कडुबाला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "काका, सखारामदादांना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. औषध पहिल्या दोन दिवसांत गेलं तर उपयोग. अर्धा दिवस तुम्ही... अर्धा दिवस गेलाय. फॉर्म सोबत घ्या."

कडुबानं फॉर्म खिशात घातला, मोटारसायकलला किक मारली आणि मुकुंदवाडी गाठली. दारात चंपाबाई तांदूळ निवडत होती.

"या भाऊजी. झोपलेत ते. नॉर्मल हाय म्हनं, पर डोळे उघडंनात."

पडदा बाजूला केला तर सखाराम भिंतीकडं तोंड करून पडलेला, श्वास वरच्या वर चाललेला. आणि विशाखा त्याच्या उशाला. एवढं पोट सावरत, एक पाय पसरून ती खाली बसली होती आणि बापाच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. बाप खोकला की त्याचं तोंड तिच्याच पदरानं पुसत होती.

"पोरी, तू ऊठ तिथून," कडुबा म्हणाला. "कवापासून बसलीस?"

"सकाळपासून. कामून, काका?" विशाखा म्हणाली. "कालपर्यंत पडद्याच्या अलीकडं होते मी. आज बाबा म्हणाले, कडुबाभाऊंनी नॉर्मल सांगितलंय. मग बसले जवळ. त्यांना पाणी कोण देणार?"

कडुबाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीलाही लेखी अर्ज लागत असावा, ती काही फाटली नाही. त्यानं थर्मामीटर लावला. एकशे तीनच्या वर. रिक्षा बोलावली. मास्क बांधून सखारामला मागं बसवलं, शेजारी स्वतः बसला. "विशाखाला बी दाखवायचंय, दुसऱ्या रिक्षानं आणा," एवढंच चंपाबाईला सांगितलं. का, ते सांगायची हिंमत झाली नाही.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. दमलेला होता, पण वाईट नव्हता. त्यानं सखारामला आत वेगळ्या खोलीत घेतलं, ऑक्सिजन लावला आणि मग कागद मागितला. फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला.

"शिंगे नाहीत," तो म्हणाला. "हे काय आहे?"

"फॉर्म जनावराचाय, साहेब. माणसाचा नव्हता."

"बरं. पण यात आज सकाळी तापमान सामान्य लिहिलंय. संपर्कातला माणूस, ताप असामान्य, असं पाहिजे. तरच नमुना पुण्याला पाठवता येतो आणि घरच्यांना गोळ्या देता येतात. नाहीतर हा साधा न्यूमोनिया. तुमच्या साहेबांचं पत्र आणा, लगेच पाठवतो."

कडुबा व्हरांड्यात आला आणि मोठ्या साहेबांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. आपली चूक आधी सांगितली, मग सखारामचा ताप सांगितला, मग विशाखाचं. साहेबांनी तिन्ही गोष्टी शांतपणे ऐकल्या.

"कडुबा, फॉर्मवर काय लिहिलंय?"

"सामान्य, साहेब. पर ते चुकून..."

"मग सामान्य. सरकारी कागद आहे तो. आणि उद्या सत्कार आहे, पालकमंत्र्यांच्या ऑफिसला कळवून झालंय. फ्लेक्स लागलाय चौकात. आज काढा वगैरे द्या त्यांना, परवा बघू ना. तुम्ही जुने माणूस, तुम्हाला काय सांगायचं? आठ महिने राहिलेत. खाडाखोड वगैरे करू नका, चालत नाही ते."

फोन ठेवल्यावर कडुबा बाकावर बसून राहिला. समोर चंपाबाई आणि विशाखा येऊन बसल्या होत्या. विशाखाच्या तोंडाला मास्क होता आणि ती दोन्ही हात पोटावर धरून कडुबाकडं बघत होती. तिला आतापर्यंत समजलं असावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माणूस मोठा मजेशीर असतो. इतकं होऊनसुद्धा कडुबाच्या डोक्यात एक क्षण मेमो आला. एकतीस वर्षांची कोरी पाटी, निरोपाच्या दिवशी होणारी भाषणं, 'यांच्या सेवेला डाग नाही' हे वाक्य. त्यानं ते वाक्य कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं. मग त्याला त्या मोकळ्या रकान्याची आठवण झाली. सखारामच्या बापानं तर अख्खा रकाना खोडला होता. इथं एक शब्द खोडायचा होता आणि याचं पेन अजून खिशातच होतं. कडुबाला स्वतःची लाज वाटली.

त्यानं पेन काढलं. बाराव्या ओळीतल्या 'सामान्य'वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'असामान्य. सकाळी जनावराचं माप लावलं, ही माझी चूक.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, सही. आणि कागद डॉक्टरला दिला.

डॉक्टरनं वाचला, त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हा कागद माझ्या फाइलीत राहील." अर्ध्या तासात नमुना निघाला. सखारामचं औषध सुरू झालं. विशाखाला तपासून गोळ्या दिल्या आणि दोन दिवस देखरेखीला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला. तो कसा व्हावा तसाच झाला. फ्लेक्सवरच्या 'बारा'वर कागद चिकटवून 'अकरा' केलं होतं, खाली 'शून्य ताप' तसंच. साहेब अर्धा तास बोलले. बोलताना त्यांनी धैर्य हा शब्द सात वेळा वापरला, असं नंतर मॅडमनी सांगितलं. बारावी शाल उरली. ती वाया जाऊ नये म्हणून शेवटी साहेबांनीच अंगावर घेतली.

तीन दिवसांनी पुण्याहून कळलं. बर्ड फ्लूच. सखाराम अजून ऑक्सिजनवर होता. त्याच दिवशी साहेबांनी कडुबाला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला. एकतीस वर्षांत साहेबांच्या केबिनमधला तो पहिला चहा, तेव्हा कडुबाला समजायला पाहिजे होतं, आणि समजलंही.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मी सगळी कागदपत्रं पाहिली. कोंबड्या मारल्या त्या दोन दिवसांत सखाराम रजेवर होता असं दिसतंय."

"रजेवर? साहेब, कोंबड्या त्यानं धरल्या. फोटोत हाय तो, तुमच्या मागं."

साहेबांनी फोटो पुढं केला. साहेबांच्या मागं बारा माणसं, बारा पांढरे किट. कॅमेऱ्यासाठी बाराही चष्मे आणि बाराही मास्क जागेवर. एकाचंही तोंड दिसत नव्हतं. किटचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.

"यातला सखाराम कुठला, दाखवा," साहेब म्हणाले.

कडुबानं बोट ठेवलं. "ह्यो. पायाला चार घड्या हायेत."

साहेबांनी फोटो परत ड्रॉवरमध्ये ठेवला. "अडचण तुमच्या एका कागदाची आहे. त्याच तारखेचा नवीन फॉर्म घ्या. अकराच नावं लिहा. त्या दवाखान्यात मी बोलतो, कागद बदलून घेऊ. म्हैस राहू द्या, तिची काही अडचण नाही. तुमचा मेमो तयार आहे, पण तो निघायलाच पाहिजे असं काही नाही."

आता हे सगळं कशासाठी चाललंय ते कडुबाला बरोबर कळत होतं. सखाराम रजेवर ठरला की त्याला रोग कामावर लागलाच नाही. मग त्याचं आजारपण त्याच्या घरचं, त्याचं मरणही त्याच्या घरचं, आणि साहेबांचा शून्य शाबूत. त्या शेडमध्ये सखाराम होता हे सांगणारा आणि साहेबांच्या हाताबाहेरचा जगात एकच कागद उरला होता, आणि त्यावर त्याच्या नावापुढं शिंगे नाहीत असं लिहिलं होतं.

"साहेब," कडुबा उठून म्हणाला, "म्हैस ऱ्हानार आसंल, तर सखाराम बी ऱ्हाईल."

"विचार करा."

"केला. चहा लई गोड झालाय." आणि त्यानं अर्धा कप तसाच टेबलावर ठेवला.

मेमो दुसऱ्याच दिवशी आला. खात्यानं मनात आणलं तर ते केवढं चपळ असतं, हे दिसलं. कडुबानं तो पाकिटातून काढून दोनदा वाचला. माणसाला जनावराचं माप लावून आजारी माणूस घरी पाठवला, त्यापायी एका बाळंतीण व्हायला आलेल्या पोरीचा जीव टांगणीला लागला, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्याबद्दलचा मेमो कडुबानं कबूल केला असता. मेमोत एवढंच होतं की आपण शासकीय नमुन्यातील 'सामान्य' हा शब्द खोडून शासकीय अभिलेखात खाडाखोड केली, तरी सात दिवसांत खुलासा करावा.

कडुबानं खुलासा केला. 'लिहिलं ते चूक होतं. खोडलं ते बरोबर होतं.' दोन ओळी, खाली सही. चौकशी लागली ती अजून चालू आहे आणि त्याची निवृत्ती झाली तरी चालू राहील असा रंग आहे. निरोपाच्या भाषणातलं ते वाक्य आता कुणाला म्हणता येणार नाही.

सखाराम एकवीस दिवसांनी घरी आला. आला म्हणजे आणला. फुफ्फुसं इतकी पोळली होती की रिक्षातून उंबऱ्यापर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं. खोड्यात बैल घालणं आता त्याच्यानं होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण तो जिवंत आहे, आणि कामावर असताना आजारी पडला असं कागदावर आहे. कडुबा डबा घेऊन त्याच्या घरी जातो. सखाराम ठेचा खात नाही, खोकला येतो. लोणचं चाटतो थोडं.

विशाखाला मुलगी झाली. दोघींना काही झालं नाही. का झालं नाही ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. गोळ्या लागू पडल्या असतील, नाहीतर नशीब, असं ते म्हणाले. तरी महिनाभर रोज ताप बघून कळवायला सांगितलं होतं. कळवायचं कुणाला, तर तिनं कडुबालाच निवडलं. शिक्षा म्हणून निवडलं की विश्वास म्हणून, हे विचारायचं त्याचं धाडस झालं नाही.

रोज सकाळी नऊला फोन यायचा. दवाखान्यात बाहेर जनावरं हंबरत असायची. टेबलासमोरच्या भिंतीवर कडुबानं जखमेच्या जांभळ्या औषधानं, हातभर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं : माणूस 98.4.

"काका, बाळाचा अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा," विशाखा म्हणायची. "नॉर्मल आहे ना?"

एकतीस वर्षांचा पट्टीबंधक भिंतीकडं बघायचा. आकडा एकदा मनात, एकदा ओठांत वाचायचा. फोनवर विशाखा थांबलेली असायची, तिचा श्वास ऐकू यायचा. तो पुन्हा एकदा भिंत वाचायचा आणि मगच म्हणायचा, "व्हय, पोरी."